आयत्या कोडचा हिशेब द्या!

हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत पसरलेल्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या चालकांना आम्ही आज जाहीरपणे विचारतो: तुम्ही जो माल विकता त्यात तुमच्या माणसांनी लिहिलेले किती आणि परक्यांनी लिहिलेले किती? ते परके कोण? आज ते त्या कामावर आहेत की कंटाळून सोडून गेले? काल रात्री एखाद्या पॅकेजचे नवे व्हर्जन तुमच्या सर्व्हरवर येऊन बसले, ते मूळ लेखकानेच पाठवले की त्याच्या चोरलेल्या पासवर्डाने दुसऱ्याच कोणी? यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी नाही, त्याने ग्राहकाला सुरक्षिततेची हमी देणे ही उघड फसवणूक आहे. शब्द कडक आहेत. ते कडक असायलाच हवेत, कारण या तुमच्या मालावर आज लोकांच्या बँकेतल्या ठेवी, रुग्णालयांतल्या नोंदी आणि सरकारी दाखले उभे आहेत.

दोष पॅकेजे आणून बसवणाऱ्या पॅकेज मॅनेजरच्या माथी मारून कोणाला मोकळे व्हायचे असेल, तर आम्ही ते होऊ देणार नाही. गेल्या तीस वर्षांत संगणकाच्या जगात जी थोर लोकोपयोगी कामे झाली, त्यांत या साधनाची गणना झाली पाहिजे. नव्वदच्या दशकात ज्यांनी लिनक्स चालवले त्यांना जाऊन विचारा. एक प्रोग्राम बसवायला घ्यावा, तर तो एक लायब्ररी मागे. ती कुठून तरी शोधून आणावी, तर ती आणखी एकीचे अमुकच व्हर्जन मागे. तेही मिळवून बसवावे, तर आजवर सुरळीत चाललेला भलताच प्रोग्राम बंद पडे. रात्रच्या रात्र त्यात जाई आणि सकाळी हाती काहीच नसे. १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन हे लिनक्सचे वितरण सुरू केले आणि मार्च १९९९ च्या आवृत्तीबरोबर ॲप्ट हे पॅकेज बसवण्याचे साधन सर्वांच्या हाती आले. आता एक ओळ लिहायची. काय काय लागते, कशाचे कशाशी पटत नाही, आधी काय बसवायचे आणि मागून काय, हे सारे तो प्रोग्राम ठरवतो. विश्वासाची बाजूही त्यात चोख बांधली आहे. भांडाराच्या सूचीवर डेबियनची डिजिटल सही असते आणि त्या सूचीत प्रत्येक पॅकेजच्या फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, असतो. फाइल जगातल्या कोणत्याही मिररवरून येवो, तिच्यात एक अक्षर जरी बदललेले असेल तरी ॲप्ट ती दारातूनच परत पाठवते.

मराठी माणसाला तर याचे मोल अधिकच वाटायला हवे. 'फॉन्ट्स-लोहित-देवा' हे पॅकेज मागवा, देवनागरी पडद्यावर नीट उमटते. 'लिबरऑफिस-एल१०एन-एमआर' मागवा, मेनू मराठी होतात. सी-डॅकने सरकारी कार्यालयांसाठी आणि शाळांसाठी घडवलेली बॉस ही प्रणाली डेबियनवरच उभी आहे. १० जून २०२३ रोजी आलेल्या डेबियन १२ मध्ये ६४ हजारांवर पॅकेजे आहेत, आणि ती सांभाळणारे बहुतांश लोक स्वयंसेवक आहेत. कोणी पगार देत नाही, कोणी आभार मानत नाही, तरी वर्षानुवर्षे हे काम चालू आहे.

या व्यवस्थेचे बळ मधल्या माणसात आहे. मूळ लेखक आणि तुमचा संगणक यांच्यामध्ये पॅकेज सांभाळणारा एक जाणता बसलेला असतो. तो परवाना तपासतो, बांधणी करून पाहतो, तक्रारी ऐकतो. नवे व्हर्जन आधी अनस्टेबलमध्ये जाते, तिथून टेस्टिंगमध्ये, आणि पुरते मुरल्यावर स्टेबलमध्ये. तरुण प्रोग्रामर या संथपणाला नावे ठेवतात, डेबियनमध्ये सगळे जुनेच मिळते म्हणून नाक मुरडतात. त्या संथपणानेच २०२४ मध्ये जगाला वाचवले. ती हकीकत पुढे येईलच.

मग प्रत्येक भाषेने आपापले भांडार थाटले. पर्लचे सीपॅन १९९५ चे. त्यानंतर पायथॉनचे पायपीआय, जावाचे मेव्हन सेंट्रल, २०१० मध्ये जावास्क्रिप्टचे एनपीएम. येथे मधला माणूस उरला नाही. लातूरच्या मुलीने रात्री पॅकेज चढवावे आणि सकाळी ब्राझीलमधल्या कंपनीने ते वापरावे, इतका रस्ता मोकळा झाला. ज्ञानावर कोणाची मिरासदारी नको, असे मानणाऱ्या आम्हांला हा मोकळेपणा मनापासून प्रिय आहे. परंतु ज्या दाराने ती मुलगी आत येते त्याच दाराने चोरही येतो, आणि त्या दारावर पहारा ठेवण्याचे काम आता वापरणाऱ्याकडे आले आहे, हे वापरणाऱ्याने कधी ध्यानात घेतले? एनपीएमचे पॅकेज बसवताना त्याच्या सोबत आलेली 'पोस्टइन्स्टॉल' स्क्रिप्ट तुमच्या संगणकावर तुमच्याच अधिकारात धावू शकते. म्हणजे ज्याचे नाव तुम्ही कधी ऐकले नाही, त्याचा कोड तुम्ही न वाचता चालवता. आणि एका पॅकेजच्या पोटात दुसरे, त्याच्या पोटात तिसरे, असे करत एका साध्या प्रकल्पात शेकडो अनोळखी हात येऊन पोचतात.

२२ मार्च २०१६ रोजी याची पहिली मोठी प्रचीती आली. एका पॅकेजच्या नावावरून एका प्रोग्रामरचा एका कंपनीशी वाद झाला, एनपीएमने ते नाव त्या कंपनीच्या पदरात टाकले, आणि संतापलेल्या प्रोग्रामरने आपली सगळी पॅकेजे काढून घेतली. त्यांत लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचे पॅकेज होते. मजकुराच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरायच्या, एवढेच त्याचे काम. पण बेबलसारखी बडी साधने त्यावर टेकलेली होती, आणि जगभर बिल्ड धडाधड फुटले. एनपीएमने काही तासांत ते परत आणले, पॅकेज मागे घेण्याचे नियम बदलले, आणि सारे पुन्हा कामाला लागले. ११ ओळी आपल्या आपण लिहाव्यात, एवढा धडासुद्धा उद्योगाने घेतला नाही.

हा हलगर्जीपणा कुठे शिकवला जातो ते पाहायचे असेल तर आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जाऊन उभे राहा. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी डेबियनवरूनच बनलेल्या उबुंटूवर 'पिप इन्स्टॉल' हा पायथॉनची पॅकेजे बसवण्याचा आदेश मारतो. पडद्यावर संदेश येतो, 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट'. या संगणकातला पायथॉन ॲप्टच्या ताब्यात आहे, त्यात पिपने हात घालू नये, तुझ्या कामापुरते वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट कर, असे तो संदेश सांगत असतो. ते कसे करायचे तेही खाली लिहिलेले असते. विद्यार्थी ते वाचत नाही, कारण वाचायला त्याला कोणी शिकवलेलेच नाही. तो हाती लागलेले पहिले उत्तर उचलतो, आदेशाच्या शेवटी 'ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस' हा पर्याय डकवतो आणि पुढे जातो. आठवडाभराने त्या संगणकावरचे निम्मे प्रोग्राम चालेनासे होतात.

"सर, अपडेटच होत नाहीये."

"फॉरमॅट मार रे, वेळ कुठे आहे!"

एवढ्यावर शिक्षण आटोपते. डिपेंडन्सी कशी जुळते, लॉक फाइल म्हणजे काय, सही आणि हॅश कशासाठी, हे त्या मुलाला किती महाविद्यालयांत समजावून सांगतात? प्राध्यापकांनी याचे उत्तर द्यावे. अल्गोरिदमचे उतारे पाठ करवून घ्यायला चार वर्षे पुरतात, आणि ज्यावर त्याचे उभे आयुष्य जाणार त्या साधनासाठी एक तास निघत नाही!

हाच मुलगा नोकरीला लागतो, आणि तिथे त्याचा सीनिअर त्याला दुसरा मंत्र देतो. बिल्ड फुटला? 'नोड-मॉड्यूल्स' उडव, लॉक फाइल उडव, परत इन्स्टॉल मार. लॉक फाइलमध्ये प्रत्येक पॅकेजचे नेमके व्हर्जन आणि त्याचा हॅश लिहिलेला असतो. काल जे तपासले तेच आज बसेल, याची ती एकमेव लेखी हमी. ती उडवायची म्हणजे आज भांडारात जे कोणी काही ठेवले असेल ते डोळे मिटून घरात घ्यायचे. शुक्रवारच्या डेडलाइनसाठी हे सर्रास चालते, मॅनेजरला माहीत असते, आणि मॅनेजर मूग गिळून बसतो. नव्या लोकांना आम्ही कळकळीने सांगतो, पॅकेज मॅनेजरचा त्रास हा बहुधा त्याने दिलेला इशारा असतो. दोन लायब्ऱ्यांचे पटत नाही असे तो म्हणतो तेव्हा त्यांचे खरोखरच पटत नसते. त्याचे तोंड 'फोर्स'ने दाबले म्हणून ते पटू लागत नाही.

आता ती २०२४ ची हकीकत. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्स संगणकावर असते. तिचा भार अनेक वर्षे फिनलंडच्या लासे कॉलिन यांनी जवळपास एकट्याने वाहिला. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे तगादा लावला: काम संथ का, जमत नसेल तर दुसऱ्याला का देत नाही? कॉलिन यांनी तेव्हाच सांगितले होते की आपल्याला दीर्घकाळ मानसिक आरोग्याच्या अडचणी आहेत आणि हे काम बिनपगारी छंदाचे आहे. त्या काळात 'जिया टॅन' असे नाव धारण करणारा कोणी मदतनीस पॅचेस पाठवत होता. त्याने विश्वास संपादन केला आणि व्हर्जन प्रसिद्ध करण्याचे अधिकार मिळवले. फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ ही व्हर्जने आली, आणि त्यांच्या चाचणीच्या फाइलींत मागचे दार लपवलेले होते. ते उघडणारा दुवा फक्त प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे कोडच्या गठ्ठ्यात, होता. उघड्या भांडारातला कोड वाचणाऱ्याला तो दिसतच नव्हता. दुरून सर्व्हरमध्ये शिरण्याचे साधन असलेले एसएसएच मुळात एक्सझेड वापरत नाही, पण काही वितरणांनी त्याला संगणकातल्या सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीची जोड दिली होती आणि सिस्टमडीच्या लायब्ररीमागून एक्सझेड आत येत होते. सर्व्हरमध्ये शिरण्याचा जो रस्ता, त्याच्याच उंबऱ्याखाली हा सुरुंग पेरला होता.

आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधले अभियंते पोस्टग्रेस या डेटाबेसच्या वेगाची मोजणी करत होते. एसएसएचने आत जायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे त्यांना खटकले. ते त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागले, आणि २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी सारे प्रकरण उघड्यावर आणले. तोवर ती व्हर्जने डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगपर्यंत पोचली होती. स्टेबल बचावले, कारण तिथे अजून जुनेच व्हर्जन होते. हा बचाव ना कोणत्या ऑडिट फर्मच्या प्रमाणपत्राने झाला, ना कोणत्या कंपनीच्या सुरक्षा विभागाने केला. एका चिकित्सक माणसाच्या स्वभावाने आणि स्वयंसेवकांच्या सावध शिस्तीने तो झाला.

ज्या कंपन्यांचा कोट्यवधींचा धंदा एक्सझेडवर चालला होता, त्यांच्यापैकी कोणी २०२२ मध्ये कॉलिन यांना विचारले होते काय, की बाबा, एकटा आहेस, दमला आहेस, माणूस देऊ का, पैसे देऊ का? विचारणारे ते बनावट नावांचे लोकच निघाले! हल्लेखोराने त्या लायब्ररीचे महत्त्व ओळखले आणि दोन वर्षे खपून तिच्यावर मेहनत घेतली. तिच्या जिवावर पोट भरणाऱ्यांनी एक दिवसही घेतली नाही. यापरती लाजेची गोष्ट कोणती?

हा प्रकार काही एकटादुकटा नव्हे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड उघड झाला, तेव्हा निम्म्या जगाचे गुप्त व्यवहार सांभाळणाऱ्या त्या प्रकल्पाला वर्षाकाठी सुमारे २००० डॉलर देणग्या मिळत होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीत भगदाड सापडले, धोक्याच्या मोजपट्टीवर दहापैकी दहा, आणि कंपन्यांना आपल्या मालात ते आहे की नाही हेच आठवडेच्या आठवडे कळेना. पुढच्या महिन्यात एका बलाढ्य कंपनीने कर्ल या इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या साधनाचे लेखक डॅनियल स्टेनबर्ग यांना पत्र धाडले की लॉगफोरजेबाबतच्या आमच्या प्रश्नांची उत्तरे २४ तासांत द्या. कर्लमध्ये लॉगफोरजे नव्हतेच, आणि त्या कंपनीने स्टेनबर्ग यांना एक छदाम कधी दिला नव्हता. फुकट घ्यायचे आणि वर हुकूम सोडायचा, ही मुजोरी कुठून आली? ८ सप्टेंबर २०२५ रोजी एनपीएमच्या नावाने आलेल्या एका बनावट ईमेलने एका लेखकाचे खाते चोरांच्या हाती गेले. चॉक, डीबगसह १८ पॅकेजांत विष कालवले गेले. आठवड्याला दोनशे कोटींहून अधिक वेळा डाउनलोड होणारी ही पॅकेजे! पाठोपाठ शाय-हुलूद नावाचा किडा आला. एका लेखकाच्या संगणकातली टोकन चोरून तो त्याच्याच इतर पॅकेजांत शिरत होता, आणि तसे करत शेकडो पॅकेजांत पसरला.

इतके होऊनही ज्यांना जाग येत नाही त्यांना कायदा जागे करील. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट १० डिसेंबर २०२४ रोजी अमलात आला. हल्लेखोर वापरत असलेल्या भगदाडांची खबर देणे ११ सप्टेंबर २०२६ पासून बंधनकारक, आणि मुख्य अटी ११ डिसेंबर २०२७ पासून. उत्पादनात कोणते घटक आहेत त्याची यंत्राला वाचता येईल अशी यादी, म्हणजे एसबॉम, ठेवावी लागेल. उचललेल्या घटकाची खातरजमा उत्पादकाने करायची. आणि घटकात दोष सापडला तर तो सांभाळणाऱ्याला कळवायचे. युरोपला उत्पादन विकणारी पुण्याची कंपनी यातून सुटणार नाही. आपल्याकडे सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये एसबॉमची मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत सॉफ्टवेअर निर्यातदारांचा स्पष्ट उल्लेख आहे. सेबीने त्याआधी ऑगस्टमध्ये आपल्या चौकटीत एसबॉमची अट घातली. कागद तयार आहेत. पण एसबॉम हा टेंडरला जोडायचा आणखी एक कागद समजून एकदाच छापून ठेवाल, तर त्याचा उपयोग शून्य. प्रत्येक बिल्डबरोबर तो नव्याने निघाला पाहिजे, आणि तो वाचणारा, त्यासाठी पगार घेणारा माणूस कंपनीत असला पाहिजे.

आणि पैसे द्या! बंगळुरूच्या झिरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये खुल्या सॉफ्टवेअरसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. जर्मनीच्या सरकारने २०२२ पासून याच कामासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी केली. सहकाराचा वारसा अभिमानाने सांगणाऱ्या महाराष्ट्राने या बाबतीत मागे राहावे? रेड हॅटच्या पुण्यातील कार्यालयात बसून भारतीय लिप्यांच्या फॉन्टवर आणि भाषांतरावर काम करणारे लोक याच मातीतले होते. गुणांची वाण इथे नाही, वाण आहे ती मालकांच्या दानतीची. सीएसआरच्या दोन टक्क्यांतून थोडे फेकून कोणी पुण्य मिळवल्याचा आव आणू नये. पॅकेज सांभाळणाऱ्याचा मोबदला हा मालाच्या उत्पादनखर्चाचा भाग आहे. वीज आणि भाडे जिथे लिहिता तिथेच तो लिहा. ज्यांच्याकडे पैसे कमी असतील त्यांनी माणसाचे तास द्यावेत. एका प्रोग्रामरचा आठवड्यातला एक दिवस, कंपनी ज्या पॅकेजवर उभी आहे त्याच्या तक्रारी निस्तरायला, चाचण्या लिहायला, दस्तऐवज सुधारायला.

विद्यापीठांनी पहिल्या वर्षापासून हा विषय शिकवावा, नुसता तोंडी नव्हे, प्रात्यक्षिकाने. प्रत्येक विद्यार्थ्याने एक तरी पॅकेज स्वतः बांधावे, त्यावर सही करावी, दुसऱ्याचे तपासावे. प्रत्येक विद्यापीठाने डेबियनचा एक मिरर आपल्या आवारात ठेवावा. तालुक्याच्या महाविद्यालयात संथ इंटरनेटवर तीस मुले एकाच वेळी तेच पॅकेज बाहेरून ओढत बसतात, ते तरी थांबेल.

उरले राज्य सरकार. सरकारी सॉफ्टवेअर नागरिकांच्या पैशाने बनते, तेव्हा त्यात काय घातले आहे हे विचारण्याचा पहिला हक्क नागरिकांचा आहे. कंत्राटदाराने प्रत्येक हप्त्याच्या बिलासोबत ताजा एसबॉम द्यावा, लॉक फाइल सरकारच्या ताब्यात द्यावी, कोणत्या पॅकेजांच्या देखभालीला किती हातभार लावला ते लिहून द्यावे. न दिल्यास बिल अडवावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, निविदेत चार ओळी लागतात. महाआयटीच्या येत्या निविदांत त्या चार ओळी छापून येतात की नाही, हे आम्ही निविदा उघडून वाचणार आहोत; आणि नसतील तर खात्याच्या मंत्र्यांना याच जागेवरून नाव घेऊन जाब विचारणार आहोत.